बालकाची पहिली शाळा : निवडीच्या शंभर वर्षांचा मागोवा

दिवाळीची सुटी संपते न संपते तोच पनवेलमधील अनेक घरांत एक विषय सुरू होतो. घरातील तीन वर्षांच्या बाळाला येत्या जूनपासून कोणत्या शाळेत घालावयाचे? आजोबांना घराजवळची शाळा हवी असते, आजीला नातवाशी आपल्या भाषेत बोलता यावे असे वाटते, सुनेने मैत्रिणींकडून चार नावे आणलेली असतात आणि मुलगा फीचा हिशेब मांडून बसलेला असतो. अर्ज कधी मिळतात, प्रवेशाच्या वेळी किती रक्कम द्यावी लागते, बस दारापर्यंत येते काय, अशा चौकशा महिना-दोन महिने चालतात. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो बाळ मात्र खेळण्यात रमलेला असतो.

हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो की तो पूर्वापार चालत आलेला असावा असा समज होतो. वस्तुतः लहान बालकासाठी शाळा निवडणे ही गोष्ट आपल्या भागात जेमतेम शंभर वर्षांची आहे. हा प्रश्न प्रथम कोणी विचारला, त्याचे उत्तर त्यांनी कसे शोधले आणि पुढे त्या प्रश्नाचे रूप कसे पालटले, हे पाहिले तर आजच्या तरुण मातापित्यांना त्यातून काही उपयुक्त बोध होऊ शकेल. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा मागोवा घेणे म्हणूनच उचित ठरेल.

पंतोजींची शाळा आणि पेढीवरचे शिक्षण

पनवेल हे गाढी नदीच्या काठी वसलेले जुने बंदर आणि बाजारपेठेचे गाव. समुद्रमार्गे येणारा माल येथे उतरावा आणि बोरघाटाच्या वाटेने वर देशावर जावा, असा येथील व्यापाराचा क्रम होता. भाताचा व्यापारही मोठा. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रातील अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते.

अशा गावातील व्यापारी कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण कसे होत असे? जुन्या काळी पंतोजींच्या शाळा असत. देवळाच्या ओसरीवर किंवा कोणा सधन गृहस्थाच्या पडवीत मुले बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मोडी वाचावयाची, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करावयाची आणि संध्याकाळी उजळणी म्हणून घरी जावयाचे. पंतोजींना रोख थोडे आणि धान्य, शिधा अधिक मिळे. दसऱ्याला पाटीपूजन होई. मुलगा हिशेबात तयार झाला की पेढीवर वडिलांच्या शेजारी बसे आणि रोजमेळ, खतावणी, हुंडी यांचे खरे शिक्षण तेथे सुरू होई. मुलींच्या वाट्याला यातले बहुधा काहीच येत नसे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तेव्हा तो मोठाच धाडसाचा प्रसंग ठरला.

पुढे सरकारी शाळा निघाल्या. १९१८ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. तरीही मुलाला शाळेत घालावयाचे ते सहा-सात वर्षांचा झाल्यावर. त्यापूर्वीची वर्षे आईच्या पदराजवळ, आजीच्या गोष्टींत आणि अंगणात जात. गावात बहुधा एकच शाळा असल्याने निवडीचा प्रश्न उद्भवत नसे. ती शाळा चांगली होती असे मात्र म्हणता येणार नाही. घोकंपट्टी आणि छडी हीच तिथली प्रमुख साधने होती. “छडी लागे छमछम” हे शब्द सर्वांच्या तोंडी बसले ते काही उगाच नव्हे.

एका वकिलाचा आणि एका मातेचा शोध

या व्यवस्थेविषयी समाधान न मानणाऱ्यांत सौराष्ट्रातील एक वकील होते. त्यांचे नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ चा. वकिली चांगली चाललेली असताना १९१३ मध्ये त्यांना पुत्रप्राप्ती झाली आणि या मुलाला कसे शिकवावे हा विचार त्यांना सतावू लागला. स्वतः जी शाळा त्यांनी भोगली होती, तीत मुलाला पाठविण्यास त्यांचे मन घेईना. मित्राच्या सल्ल्याने ते वसो या गावी शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांना भेटले आणि मॉन्टेसरी पद्धतीचा त्यांना परिचय झाला.

इटलीतील डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या वस्तीत पहिले ‘बालगृह’ उघडले होते. ती वस्ती गरीब कामकऱ्यांची होती. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मुले जिन्यांत, गल्लीत भटकत. त्या मुलांना हाताळता येतील अशी साधने, त्यांच्या उंचीची बाके आणि स्वतःच्या गतीने काम करण्याची मोकळीक दिल्यावर ती शांतपणे शिकू लागली, असा मॉन्टेसरीबाईंचा अनुभव होता. आज ‘मॉन्टेसरी’ हे नाव महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसते. तिचा उगम मजुरांच्या वस्तीत झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गिजुभाईंनी वकिली सोडली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मारावयाचे नाही, भीती दाखवावयाची नाही, बक्षिसाची लालूचही दाखवावयाची नाही, असा तेथील दंडक होता. गोष्टी, गाणी, नाटुकली, मातीकाम, बागकाम यांतून शिक्षण चाले. मुले त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई म्हणत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकाचे पुढे अनेक भाषांत अनुवाद झाले. गुजराती वाचणाऱ्या अनेक घरांतील मुले त्यांच्या बालकथांवर वाढली.

याच सुमारास एक सुशिक्षित मराठी स्त्री राजकोट येथे अध्यापिकांच्या महाविद्यालयाची प्राचार्या होती. त्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ मध्ये प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर अमरावतीस गेल्या, परंतु संसार टिकला नाही आणि लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांना एकटीने उभे राहावे लागले. गिजुभाईंच्या कार्याविषयी कळल्यावर त्या भावनगरला गेल्या, बालमंदिर पाहिले आणि १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्याच कामात सामील झाल्या. सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंबरोबर काम केले. १९२६ मध्ये दोघांच्या प्रयत्नांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक प्रथम गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागले.

एक वकील पिता आणि एक एकाकी माता. दोघेही शाळेकडे प्रथम पाहतात ते आपल्या लेकराच्या निमित्ताने. हाताशी असलेल्या शाळा पसंत पडल्या नाहीत तेव्हा त्यांनी शाळा कशी असावी याचा विचार केला आणि ती प्रत्यक्षात उतरविली. आपल्या मुलासाठी सुरू झालेला शोध इतरांच्या शेकडो मुलांपर्यंत पोहोचला. बालकाच्या शाळेची निवड या विषयाचा आरंभ असा आहे.

शाळा मुलांच्या अंगणात

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना बालमंदिर ही कल्पना परिचित झाली ती प्रामुख्याने अशा संस्थांमुळे. १९३९ मध्ये स्वतः डॉ. मॉन्टेसरी भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला आणि या काळात त्यांनी देशातील अनेक शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

परंतु शहरातील बालमंदिरे सुस्थितीतील घरांपुरतीच राहतात, ही गोष्ट ताराबाईंना खटकत होती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. तेथे त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी मिळाली. अनुताईंचा जन्म १९१० चा. वयाच्या तेराव्या वर्षीच वैधव्य आले, तरी त्यांनी शिक्षण पुरे केले आणि शिक्षिका झाल्या. बोर्डीला या दोघींच्या ध्यानात आले की परदेशी नमुन्याची मॉन्टेसरी साधने खेड्याला परवडणारी नाहीत. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांपासून साधने बनविली. गरीब वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतील अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठी जीवनात रुजला तो या कार्यातून. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनी देशभर हेच नाव धारण केले.

१९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी, रात्रशाळा आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानातच भरणारी कुरणशाळा असे प्रयोग झाले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण सन्मान लाभला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढेही हे कार्य नेटाने चालविले. त्या १९९२ मध्ये निवर्तल्या.

‘देणगी’ या शब्दाचा पहिला अर्थ

ज्या काळात या मंडळींनी बालशिक्षणाचा पाया घातला, त्याच काळात महाराष्ट्रात लोकवर्गणीतून शाळा उभ्या राहत होत्या. कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण या समाजाला अभिमानास्पद आहे. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. गावोगावच्या स्त्रिया दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत आणि त्या मूठफंडातून मुलांचे जेवण चाले. वसतिगृहासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले. याच संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलला आहे आणि त्याच्या वर्गांतून येथील अनेक घरांतील मुले-मुली पदवीधर झाली आहेत. कोकण एज्युकेशन सोसायटीचे विठोबा खंडप्पा विद्यालयही पनवेलकरांच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत आहे.

गावोगावच्या अशा शाळांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या दिसतात. कोणी खोली बांधून दिली, कोणी विहीर, कोणी ग्रंथालयासाठी रक्कम. त्या पाट्यांवर व्यापाऱ्यांची नावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांची स्वतःची मुले त्या शाळेत शिकत होतीच असे नाही. देणगी म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला बसावयास जागा मिळावी म्हणून दिलेले धन, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ होता. दान देणाऱ्याने फळाची अपेक्षा धरू नये, हा संस्कार घराघरांत होता आणि शाळेला दिलेली रक्कम त्या संस्काराशी जुळणारी होती.

निवडीची दिशा उलटली

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आकार घेऊ लागली. जुन्या पनवेलच्या पलीकडे नवीन पनवेल वसले. कळंबोली, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर ही उपनगरे उभी राहिली. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. मुंबईच्या दाटीतून बाहेर पडलेली तरुण कुटुंबे येथे राहावयास आली. त्यांत जैन कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल ही रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका झाली.

या वाढीबरोबर शाळाही वाढल्या. सिडकोने शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड दिले, मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. वसाहतींच्या तळमजल्यांवर, बंगल्यांच्या आवारात शिशुवर्ग निघाले. पूर्वीचे बालमंदिर जाऊन नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी ही नावे रूढ झाली. इंग्रजी माध्यमाची ओढ वाढली. महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला तो याच ओढीची दखल घेऊन. नोकरी-व्यवसायात इंग्रजीची गरज खरी आहे आणि मुलाने मागे पडू नये असे वाटणे हा पालकांचा दोष म्हणता येणार नाही.

परंतु याच काळात एक मोठा बदल घडला आणि तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. गिजुभाई आणि ताराबाई शाळेला प्रश्न विचारीत होते. आता शाळा बालकाला प्रश्न विचारू लागली. नामांकित शाळांत जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती सुरू झाल्या. रंग ओळख, फळांची नावे सांग, इंग्रजीत कविता म्हण. घाबरून गप्प बसलेले मूल नापास ठरे आणि घरी परतताना आईच्या डोळ्यांत पाणी असे. पालकांचे शिक्षण, उत्पन्न, इंग्रजी बोलणे यांचीही परीक्षा होई. आणि ‘देणगी’ या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. आपल्याच मुलाला जागा मिळावी म्हणून प्रवेशाच्या वेळी मोजलेली रक्कम म्हणजे देणगी! ज्या पेढीवर प्रत्येक पैशाची नोंद रोजमेळात होते, तिथल्या माणसाला कोणत्या खात्यावर टाकावी कळू नये अशी ही रक्कम. मोबदला घेऊन दिलेल्या रकमेला किंमत म्हणतात, दान म्हणत नाहीत, एवढे व्यवहारज्ञान व्यापारी समाजाला निश्चितच आहे.

कायदे झाले, तरीही

या प्रकारांची दखल शासनाने वेळोवेळी घेतली. महाराष्ट्राने १९८७ मध्ये प्रवेशासाठी कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा केला. १९९२ मध्ये केंद्र सरकारने शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाचा विषय होता मुलांच्या पाठीवरील आणि मनावरील ओझे. लहान मुलांवर औपचारिक वाचन, लेखन आणि अंकगणित लादणे हा एक प्रकारचा अत्याचार होय, असे या समितीचे मत होते. शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस तिने केली. महाराष्ट्रातही प्रा. राम जोशी समितीने पूर्वप्राथमिक शिक्षणाचा विचार केला आणि शाळापूर्व केंद्रांतील प्रवेशाचे नियमन करणारा १९९६ चा कायदा आला. प्रवेशासाठी लहान मुलांच्या चाचण्या व मुलाखती घेण्यास त्याने मनाई केली.

पुढे १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना बालकाची अथवा पालकांची कोणतीही चाळणी परीक्षा घेता येत नाही आणि कॅपिटेशन फी आकारता येत नाही. तशी फी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. चाळणी घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्राथमिक वर्गांत साधारणतः तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असा दंडकही याच कायद्याने घातला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवाव्यात, असेही त्यात आहे.

येथे समाजाच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ व २०१४ च्या निकालांनी अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. जैन समाजाला केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे. २०१४ च्या निकालाचा फेरविचार व्हावा काय, हा प्रश्न २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने मोठ्या पीठाकडे नेण्याच्या दृष्टीने सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्याचा निर्णय कसाही लागो. मूठफंडाची परंपरा सांगणाऱ्या समाजाने गरीब मुलासाठी दार उघडे ठेवावयास कायद्याच्या सक्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

२९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वय वर्षे तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, खेळातून आणि कृतीतून शिक्षणावर भर दिला आणि शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिकवावे असे सुचविले. भावनगरच्या बालमंदिरात १९२० मध्ये जे चालत होते, त्याचीच ही शंभर वर्षांनंतरची पावती म्हणावी लागेल.

इतके कायदे असूनही पालकांची धावपळ थांबलेली नाही. मुलाखतीला ‘भेट’ म्हटले जाते, देणगीला वेगळ्या निधीचे नाव मिळते. कायदा गैरप्रकार रोखू शकतो. चांगली शाळा ओळखण्याचे काम मात्र पालकांनाच करावे लागते.

पालकांनी काय पाहावे?

कापडाची पारख करणारा गिऱ्हाईक दुकानाच्या दिव्यांवर जात नाही. तो ताग्याचे टोक उजेडात नेतो, बोटांनी पोत पाहतो, रंग उतरेल काय ते विचारतो. शाळेचीही पारख अशीच व्हावयास हवी. वर सांगितलेल्या इतिहासातून त्यासाठी काही साधी मापे मिळतात.

पहिले माप शिक्षिकेचे. शिशुवर्गाच्या बाईंनी बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आहे काय, त्या किती वर्षे त्याच शाळेत टिकून आहेत, त्यांच्या वर्गात मुले किती आहेत, हे विचारावे. दर वर्षी बाई बदलत असतील तर इमारत कितीही सुंदर असो, तिचा उपयोग थोडा. दुसरे माप मुलांचे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहून बाहेर येणाऱ्या मुलांचे चेहरे पाहावेत. बाई दिसताच मुले गप्प होतात की त्यांना बिलगतात, यावरून पुष्कळ कळते. तिसरे माप हाताचे. वर्गात मुलांच्या हाती माती, रंग, ठोकळे, बिया दिसतात की फक्त वह्या? तीन वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेणे हे प्रगतीचे लक्षण मानू नये. बोटांत बळ आल्यावर लेखणी आपोआप स्थिरावते.

चौथे माप भाषेचे. माध्यम कोणतेही निवडले तरी मुलाला तहान लागली, पोट दुखले, आई आठवली तर ते आपल्या भाषेत सांगू शकेल आणि बाईंना ते कळेल, एवढी खात्री करून घ्यावी. घरी गुजराती, कच्छी, मारवाडी वा मराठी बोलणे बंद करून मुलाशी मोडके इंग्रजी बोलू लागणे हा आजीवर आणि नातवावर दोघांवरही अन्याय होय. ज्या भाषेत आजी नवकार मंत्राचा अर्थ सांगते आणि गोष्ट ऐकविते, ती भाषा मुलाची पहिली शाळा आहे. पाचवे माप अंतराचे. रस्त्यांवरील वाढती वाहने लक्षात घेता तासभर बसमध्ये बसून जाणाऱ्या चिमुकल्याची निम्मी शक्ती वाटेतच जाते. जवळची साधी शाळा दूरच्या नामांकित शाळेपेक्षा कित्येकदा हिताची ठरते.

सहावे माप कागदपत्रांचे. शाळेच्या नावात ‘मॉन्टेसरी’ किंवा ‘इंटरनॅशनल’ असल्याने काहीच सिद्ध होत नाही. ही नावे कोणीही लावू शकतो. प्राथमिक शाळेला मान्यता आहे काय, शिशुवर्गातील मुलाला पुढे पहिलीत तेथेच जागा मिळेल काय, फीचा पूर्ण तपशील लेखी मिळतो काय आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळते काय, हे आधी पाहावे. पावती नाही तेथे व्यवहार नाही, हा पेढीवरचा नियम येथेही लागू करावा.

आणि या सर्वांच्या आधी एक गोष्ट. आपले मूल शेजाऱ्याच्या मुलापेक्षा वेगळे आहे, हे मान्य करावे. एखादे मूल गर्दीत फुलते, एखादे चार जणांतच रमते. वस्तूला अनेक बाजू असतात हे अनेकान्ताचे तत्त्व ज्या समाजाने जपले, त्याने सर्व मुलांना एकाच शाळेच्या मापाने मोजणे शोभत नाही.

समारोप

गिजुभाईंनी मुलासाठी वकिली सोडली आणि ताराबाईंनी प्राचार्यपद. आजच्या पालकांकडून कोणी एवढी अपेक्षा करणार नाही. प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी एक सकाळ काढून शाळेच्या आवारात जावे, वर्ग पाहावा, बाईंशी बोलावे, एवढे मात्र प्रत्येकाला शक्य आहे. ज्यांच्या हाती धन आहे अशा ज्येष्ठांनी नातवाच्या प्रवेशासाठी पाकीट तयार ठेवण्याऐवजी एखाद्या अंगणवाडीला खेळणी, एखाद्या बालवाडीच्या शिक्षिकेला प्रशिक्षणाचा खर्च, एखाद्या गरजू मुलाला वर्षाची फी द्यावी. त्याची पावती फाडावी आणि नाव लावू नये. शाळांच्या जुन्या संगमरवरी पाट्यांवर ‘देणगी’ हा शब्द ज्या अर्थाने कोरला गेला, त्याच अर्थाने तो पुढील पिढीच्या तोंडी राहिला, तर सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात समाजाने एक जुने कर्ज फेडल्यासारखे होईल.